मुलाखतीला सामोरे जाताना : ग्राहक-यशाचे नवे क्षेत्र आणि सिंधुदुर्गचे तरुण

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या कितीतरी आधीपासून या भूमीतील घरांचा संसार मुंबईच्या चाकरमान्याने पाठविलेल्या मनिऑर्डरीवर चालत आला होता. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. दळणवळण वाढले, तरी तरुणांचे बाहेर जाणे थांबले नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. म्हणजे दहा वर्षांत ती एकोणीस हजारांहून अधिक संख्येने घटली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना येथील घरांची दारे बंद होत होती.

याच जिल्ह्यात साक्षरतेचे प्रमाण २०११ मध्येच ८५ टक्क्यांच्या पुढे होते. दहावी-बारावीच्या निकालांत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात आघाडीवर राहिले आहे. शिकलेल्या मुलामुलींची येथे वाण नाही. मात्र परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा उमेदवार मुलाखतीच्या खोलीत गेल्यावर गप्प होतो, असा अनुभव अनेक शिक्षक सांगतात. गेल्या काही वर्षांत पुढे आलेल्या एका व्यवसायक्षेत्राच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. या क्षेत्राला उद्योगजगतात ‘कस्टमर सक्सेस’ म्हणतात. मराठीत त्यास ‘ग्राहक-यश’ म्हणता येईल. त्यातील पुष्कळ नोकऱ्यांसाठी पुणे, मुंबई, बंगळूर अशा शहरांत जावे लागते. परंतु काही नोकऱ्या दूरध्वनी आणि इंटरनेट यांच्या साहाय्याने घरूनही करता येतात. गावात राहून उपजीविका करू इच्छिणाऱ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

हे काम म्हणजे नेमके काय?

पूर्वी संगणक-प्रणाली एकदा विकत घेतली की व्यवहार संपत असे. पैसे हाती आले म्हणजे विक्रेता मोकळा होई; ग्राहकाने ती प्रणाली वापरली की कपाटात ठेवली, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसे. आता अशा अनेक सेवा मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर दिल्या जातात. ज्याला सेवेचा उपयोग झाला नाही, तो ग्राहक मुदत संपताच वर्गणी बंद करतो. म्हणून विक्रीनंतर ग्राहकाच्या सोबत राहणे, त्याला सेवा वापरण्यास शिकविणे, त्याचा हेतू साध्य होतो की नाही हे पाहणे आणि वेळेवर नूतनीकरण घडवून आणणे यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमले जाऊ लागले. हेच ग्राहक-यशाचे काम होय.

विक्री, तक्रार-निवारण आणि ग्राहक-यश या तीन कामांत उमेदवारांची गल्लत होते. मालवण किनाऱ्यावरील उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतर तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला या परिसरात निवास व न्याहारीची सोय करणारी घरे वाढली. अशा घरात जो दूरध्वनीवरून खोलीचे आरक्षण घेतो तो विक्री करतो. पाहुण्याने पंखा बंद असल्याचे सांगितल्यावर जो तो दुरुस्त करून देतो, तो तक्रार-निवारण करतो. पाहुणे निघण्यापूर्वी आदल्या दिवशी जो स्वतः दूरध्वनी करतो, बरोबर वृद्ध माणसे आहेत काय असे विचारतो, समुद्र खवळलेला असल्याने सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी कदाचित मिळणार नाही असे आधीच कळवितो आणि त्या दिवसासाठी दुसरा बेत सुचवितो, तो ग्राहक-यशाचे काम करतो. पहिल्याने व्यवहार जुळविला, दुसऱ्याने झालेली अडचण दूर केली. तिसऱ्याने अडचण येण्यापूर्वीच ओळखली. पाहुणे पुढच्या वर्षी परत येतात ते बहुधा या तिसऱ्यामुळे.

कायद्याच्या अंगानेही हा भेद समजून घेता येतो. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. फसवणूक किंवा सेवेतील त्रुटी घडल्यानंतर ग्राहकास दाद मागण्याचा मार्ग या कायद्यांनी दिला. ग्राहक-यशाचे काम त्याच्या अलीकडे सुरू होते. दाद मागण्याची वेळ येऊ न देणे हे त्याचे उद्दिष्ट असते.

मुलाखतीचे टप्पे

या पदांसाठीची निवड सहसा एकाच बैठकीत होत नाही. आस्थापनेनुसार क्रम बदलतो; परंतु पुढील टप्पे सामान्यतः आढळतात.

पहिला टप्पा दूरध्वनीवरील प्राथमिक संभाषणाचा असतो. मनुष्यबळ विभागातील कर्मचारी शिक्षण, पूर्वीचे काम, अपेक्षित वेतन, कामावर रुजू होण्याची तारीख यांबाबत विचारतो. हे संभाषण थोडक्यात आटोपते. एवढ्या वेळात उमेदवार प्रश्न नीट ऐकतो काय, विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देतो काय, हे पाहिले जाते.

दुसऱ्या टप्प्यात ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करावयाचे तो मुलाखत घेतो. येथे उमेदवाराच्या अनुभवाची खोलवर विचारपूस होते. तिसरा टप्पा प्रात्यक्षिकाचा. उमेदवारास काल्पनिक ग्राहकाची माहिती देऊन योजना मांडण्यास सांगतात किंवा मुलाखतकार स्वतः संतापलेल्या ग्राहकाची भूमिका घेतो. चौथ्या टप्प्यात विक्री, तंत्र अशा इतर विभागांतील व्यक्ती भेटतात. कारण ग्राहकाचे म्हणणे या विभागांपर्यंत पोहोचवून त्यांच्याकडून काम करवून घेणे हाही या नोकरीचा भाग असतो. अखेरीस वेतन आणि सेवाशर्ती यांची चर्चा होते.

यातील बरीच संभाषणे आता संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होतात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात जिल्ह्यातील वीजपुरवठा विस्कळीत झाला होता, हे अनेकांच्या स्मरणात असेल. चक्रीवादळ नसले तरी पावसाळ्यात वीज आणि संपर्क यांचा भरवसा धरता येत नाही. म्हणून उमेदवाराने जागा आदल्या दिवशी तपासून घ्यावी, भ्रमणध्वनी पूर्ण भारित ठेवावा आणि संपर्क तुटल्यास कोणत्या क्रमांकावर बोलता येईल ते मुलाखतकारास आधीच कळवून ठेवावे. अशी पूर्वसूचना देणाऱ्या उमेदवाराने ग्राहक-यशाचा पहिला धडा कृतीने दाखविलेला असतो.

प्रश्न आणि त्यांमागील हेतू

मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न वरकरणी साधे असतात. ‘स्वतःविषयी सांगा’, ‘नाराज ग्राहकाला तुम्ही कसे सांभाळले?’, ‘एकाच वेळी अनेकांनी मदत मागितली तर कोणाचे काम आधी कराल?’, ‘ग्राहकाला नकार देण्याची वेळ आली होती काय?’, ‘तुमच्या हातून काय चुकले आणि त्यावरून काय शिकलात?’ या प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी एकच शोध असतो. दुसऱ्याची गरज ओळखून ती पुरी होईपर्यंत पाठपुरावा करण्याची सवय या व्यक्तीस आहे काय, हे मुलाखतकारास जाणून घ्यावयाचे असते.

अशा प्रश्नांस ‘मी मेहनती आहे’, ‘मला लोकांशी बोलायला आवडते’ अशी उत्तरे देऊन भागत नाही. गुणांचा दावा कोणीही करू शकतो. मुलाखतकारास घडलेली गोष्ट हवी असते. ती चार भागांत सांगण्याची रीत सोयीची आहे : परिस्थिती काय होती, उमेदवारावर कोणती जबाबदारी होती, त्याने स्वतः काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला.

समजा, एखाद्या उमेदवार मुलीच्या घरी पर्यटकांच्या निवासाची सोय आहे. नाराज ग्राहकाविषयी विचारल्यावर ‘आम्ही पाहुण्यांची नेहमी चांगली काळजी घेतो’ असे ती म्हणाली, तर मुलाखतकाराच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी ती असे सांगू शकेल : ‘दिवाळीच्या सुट्टीत एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली. आरक्षणाची वही माझ्याकडे होती. उशिरा आलेल्या कुटुंबाला मी चूक आमची असल्याचे आधी सांगितले, शेजारच्या घरी खोली मिळवून दिली, भाड्यातील फरक आम्ही सोसला आणि रात्रीचे जेवण आमच्याकडेच ठेवले. नंतर वहीत प्रत्येक खोलीसाठी स्वतंत्र पान केले. त्या हंगामात असा प्रकार पुन्हा झाला नाही.’ या उत्तरात मोठे शब्द नाहीत. परंतु जबाबदारी, तत्परता आणि चुकीचे मूळ शोधण्याची वृत्ती या तिन्ही गोष्टी त्यातून दिसतात.

येथे आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. कोकणातील माणूस घरच्या कामाबद्दल बोलताना ‘आम्ही’ म्हणतो. ही नम्रता समाजात शोभून दिसते. पण मुलाखतीत त्यामुळे उमेदवाराचे स्वतःचे काम झाकले जाते. कुटुंबाने काय केले आणि आपण काय केले, हे वेगळे करून सांगण्यात आत्मप्रौढी नाही. तसेच घडले नाही ते घडल्याचे सांगू नये. अनुभवी मुलाखतकार दोन-तीन उपप्रश्नांत खरी गोष्ट आणि रचलेली गोष्ट यांतील फरक ओळखतो.

आकड्यांची तोंडओळख

ग्राहक-यशाच्या मुलाखतीत काही संज्ञा हमखास येतात. सेवा सोडून गेलेल्या ग्राहकांच्या प्रमाणास गळती म्हणतात. टिकून राहिलेल्यांचे प्रमाण म्हणजे टिकाव. जुन्या ग्राहकांकडूनच मिळालेले उत्पन्न मागील वर्षाच्या तुलनेत किती राहिले, ते निव्वळ उत्पन्न-टिकावाच्या आकड्याने कळते. संज्ञा नव्या वाटल्या तरी देवगडच्या आंबा बागायतदारास त्यामागील हिशेब परका नाही.

कल्पना करू की, एका बागायतदाराने मागील हंगामात १०० कुटुंबांना प्रत्येकी २,००० रुपयांचा हापूस थेट घरपोच पाठविला. एकूण उत्पन्न २,००,००० रुपये झाले. या हंगामात त्यांपैकी १२ कुटुंबांनी मागणी केली नाही, ८० कुटुंबांनी पूर्वीइतकीच केली आणि ८ कुटुंबांनी दुप्पट केली. म्हणजे ग्राहकांची गळती १२ टक्के आणि टिकाव ८८ टक्के झाला. उत्पन्न मात्र ८० कुटुंबांचे १,६०,००० आणि ८ कुटुंबांचे ३२,००० मिळून १,९२,००० रुपये, म्हणजे मागील वर्षाच्या ९६ टक्के राहिले. या हंगामात मिळालेले नवे ग्राहक या हिशेबात धरावयाचे नाहीत. कारण जुना ग्राहक समाधानी आहे काय, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. ती १२ कुटुंबे का गेली? पेटी वाटेत अडकून उशिरा पोहोचली, फळ आतून खराब निघाले, दर परवडला नाही, की ते कुटुंबच परगावी गेले? पहिल्या दोन कारणांवर उपाय करता येतो. तिसऱ्यावर काही अंशी करता येतो. चौथ्यावर येत नाही. बारा दूरध्वनी करून ही विभागणी करणाऱ्या मुलाने ग्राहक-यशाच्या कामाचा गाभा जाणला, असे म्हणण्यास हरकत नाही. मुलाखतीत ‘गळती कमी करण्यासाठी काय कराल?’ असे विचारले असता उपायांची यादी म्हणून दाखविणाऱ्यापेक्षा ‘आधी गेलेल्यांची कारणे वेगवेगळी करीन’ असे म्हणणारा उमेदवार सरस ठरतो.

प्रात्यक्षिकाची कसोटी

प्रात्यक्षिकाचा टप्पा उमेदवारास सर्वांत अवघड वाटतो. त्याचे स्वरूप एका नमुन्यावरून ध्यानात येईल. मुलाखतकार म्हणतो, ‘मी हॉटेलचा मालक आहे. आरक्षणाची संगणक-प्रणाली तुमच्याकडून वर्षाच्या वर्गणीवर घेतली. तीन महिने झाले, माझी माणसे अजून वहीतच नोंदी करतात. पैसे फुकट गेले. वर्गणी बंद करा.’

अननुभवी उमेदवार लगेच प्रणालीचे गुण सांगू लागतो किंवा सवलत देऊ करतो. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. चांगला उमेदवार प्रथम ऐकून घेतो, मालकाची अडचण त्याच्याच शब्दांत पुन्हा सांगून आपल्याला ती कळली आहे याची खात्री पटवितो आणि मग विचारू लागतो : नोंदी कोण करतो? गर्दी कोणत्या वेळी असते? संगणक कोठे ठेवला आहे? कर्मचाऱ्यांना शिकविले कधी? कदाचित असे निष्पन्न होईल की, वही दारातील टेबलावर आहे आणि संगणक आतल्या खोलीत आहे. शिवाय प्रशिक्षण ऐन सुट्टीच्या गर्दीत एकदाच झाले. दोष प्रणालीत नव्हता आणि माणसांतही नव्हता. तिची मांडणी कामाच्या ओघाशी जुळली नव्हती. यानंतर उमेदवाराने संगणकाची जागा बदलण्याचे सुचवावे, कमी गर्दीच्या वारी पुन्हा प्रशिक्षण ठरवावे, एका कर्मचाऱ्याकडे मुख्य जबाबदारी द्यावी आणि पंधरा दिवसांनी आढावा घेण्याची तारीख सांगावी. जे आपल्या अधिकारात नाही त्याचे आश्वासन देऊ नये. ‘ही गोष्ट तंत्र विभागास विचारून उद्या सायंकाळपर्यंत कळवितो’ हे उत्तर कमीपणाचे नाही, मात्र उद्या सायंकाळी कळविलेच पाहिजे.

ऐकणे म्हणजे केवळ कानांनी ऐकणे नव्हे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे. पाण्याखाली बोलता येत नाही. तेथे मार्गदर्शकास हाताच्या खुणा आणि डोळे यांवरूनच माणसाची भीती ओळखावी लागते. सर्व ठीक असल्याची खूण करणाऱ्याचे डोळे वेगळे सांगत असतील, तर जाणता मार्गदर्शक पुढे जात नाही. ग्राहकाचेही तसेच आहे. पूर्वी आठवड्याला दूरध्वनी करणारा ग्राहक महिनाभर गप्प झाला, तर तो समाधानी आहे असे समजणे धोक्याचे ठरते.

इंग्रजी, प्रमाण मराठी आणि मालवणी

येथील अनेक उमेदवार भाषेच्या भीतीने अर्जच करीत नाहीत. या क्षेत्रात इंग्रजीचा वापर बराच आहे आणि ती शिकण्यास पर्याय नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु लागते ती कामापुरती, स्वच्छ इंग्रजी. लहान वाक्ये, योग्य क्रम आणि लेखी सारांश एवढ्यावर काम भागते. ग्राहकाशी झालेल्या संभाषणानंतर ‘काय ठरले, कोण करणार, केव्हापर्यंत’ या तीन गोष्टी चार ओळींत लिहिता येणे हे अलंकारिक बोलण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. काही आस्थापना मुलाखतीत असे पत्र लिहूनही घेतात.

उच्चारातील मालवणी वळणाचा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाने मालवणी बोलीला राज्यभर रसिक मिळवून दिले. शब्द स्पष्ट असले आणि बोलण्याची गती सावकाश असली की वळण आड येत नाही. देशातील ग्राहकांशी बोलताना मराठी, हिंदी, कोंकणी अशा एकाहून अधिक भाषा येणे ही जमेची बाजू ठरते. गोव्याच्या सीमेवरील सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला या तालुक्यांतील उमेदवारांनी तिचा उल्लेख अर्जात अवश्य करावा.

उमेदवारानेही विचारावे

मुलाखतीच्या शेवटी ‘आपणास काही विचारावयाचे आहे काय?’ असा प्रश्न येतो. ‘नाही’ म्हणून उठणे योग्य नव्हे. एका कर्मचाऱ्याकडे किती ग्राहक सोपविले जातात? पहिल्या तीन महिन्यांत काय अपेक्षित आहे? कामाचे यश कोणत्या आकड्याने मोजले जाते? नूतनीकरणाची जबाबदारी या पदाकडे आहे की विक्री विभागाकडे? रात्रपाळी आहे काय? वेतनातील निश्चित भाग किती आणि कामगिरीवर अवलंबून असलेला किती? या प्रश्नांच्या उत्तरांवरून नोकरीचे खरे स्वरूप उमेदवारास कळते. नाव ग्राहक-यशाचे आणि काम निव्वळ दूरध्वनीवरून विक्रीचे, अशा जागाही असतात.

मुलींना विवाह किंवा अपत्यांविषयी प्रश्न विचारले जाण्याची शक्यता असते. भरती करताना स्त्री-पुरुष भेदभाव करण्यास १९७६ च्या समान पारिश्रमिक अधिनियमाने मनाई केली होती. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. अशा प्रश्नास ‘या कामासाठी आवश्यक असलेला वेळ मी देऊ शकते’ एवढे शांत उत्तर पुरेसे आहे.

सर्वांत मोठी सावधगिरी पैशांच्या बाबतीत बाळगावयाची आहे. नोकरी देणारा उमेदवाराकडे नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत या नावाखाली पैसे मागू लागला, तर तेथेच थांबावे. बँकेचा सांकेतिक अंक कोणासही सांगू नये. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. परदेशातील नोकरीसाठी मध्यस्थ असेल, तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली त्याची नोंदणी आहे की नाही, याची खात्री केल्याशिवाय पारपत्र त्याच्या हाती देऊ नये.

शाळा, पंचायत आणि कार्यालये

या तयारीसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. माध्यमिक शाळांतून आणि महाविद्यालयांतून महिन्यातून एक तास नमुना-मुलाखतीसाठी ठेवता येईल. एका विद्यार्थ्याने नाराज ग्राहक व्हावे, दुसऱ्याने त्याचे म्हणणे ऐकावे आणि तिसऱ्याने टिपण करावे. नंतर भूमिका बदलाव्यात. गणिताच्या शिक्षकांनी टक्केवारी शिकविताना आंब्याच्या पेट्यांचा किंवा पर्यटकांच्या नोंदवहीचा हिशेब द्यावा. भाषेच्या शिक्षकांनी चार ओळींचे कामकाजी पत्र लिहून घ्यावे.

ग्रामपंचायतींना एक साधी गोष्ट करता येण्यासारखी आहे. ज्या ग्रामपंचायतीत इंटरनेटची जोडणी आणि विजेची पर्यायी सोय आहे, तेथे मुलाखतीच्या दिवशी उमेदवारास तासभर एक शांत खोली उपलब्ध करून द्यावी. लहान घरात, माणसांच्या वर्दळीत मुलाखत देणाऱ्या मुलीच्या दृष्टीने या एका तासाचे मोल फार मोठे आहे. नोंदणी व मार्गदर्शन यांसाठी शासनाचे जिल्हा पातळीवरील कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आणि महास्वयं हे संकेतस्थळ यांची माहिती ग्रामसभेत द्यावी.

शासकीय कार्यालयांसही या विषयातून घेण्यासारखे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला असून ती न मिळाल्यास अपिलाची तरतूद आहे. नागरिक हा ग्राहक नव्हे, त्याचा दर्जा त्याहून मोठा आहे. तथापि अर्जातील त्रुटी मुदतीच्या शेवटच्या दिवशी दाखविण्याऐवजी पहिल्याच दिवशी सांगणारा लिपिक जे करतो, त्याची वृत्ती आणि ग्राहक-यशाच्या कर्मचाऱ्याची वृत्ती एकच आहे.

मुलाखत प्रत्येकास पहिल्याच वेळी साधेल असे नाही. नकार आल्यास आपले कोणते उत्तर अपुरे पडले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि शक्य असेल तर मुलाखतकारास सौजन्याने विचारावे. दोन-तीन मुलाखतींनंतर त्या वहीतूनच पुढील तयारीची दिशा मिळते. पाहुण्याला आदल्या दिवशी समुद्राची खबर देणारी, पेटी पोहोचली काय म्हणून आठवणीने विचारणारी, दिलेला शब्द पाळण्यासाठी रात्री कंदील घेऊन निघणारी माणसे या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या मुलांनी आपल्या घरातील हे काम ओळखावे, त्याची नोंद ठेवावी आणि मुलाखतीत ते संकोच न बाळगता सांगावे, एवढी तयारी त्यांच्याकडून करून घेणे शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्या हाती आहे.